डोकं रिकामं करायला बसले तेव्हा

ब्रह्मदेशातल्या लढाईवरून माझा धाकटा भाऊ परत आला, तेव्हा मी सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा विषमज्वरानं गेला त्याला फार काळ लोटला नव्हता. तेरावं झालं आणि मी लगेच शाळेत रुजू झाले. घरी बसून काय करणार होते? सकाळी शाळा, दुपारी शिवणाचा जादा वर्ग, मग रॉकेलसाठी रांग, मग स्वयंपाक. माणूस गेल्याचं दुःखसुद्धा कुठंतरी कोपऱ्यात ठेवून दिलं होतं. थकवा मात्र कुठं ठेवता येत नव्हता. सकाळी उठतानाच अंग जड असायचं.

आमचं गाव कोरेगावजवळ. गावात भावाला कुणी सुखानं राहू देईना. जो तो त्याला पारावर बसवून म्हणायचा, "सांग की रं गड्या, जपानी बघितलास का?" त्याला ते सहन होईना. शेवटी आईनंच त्याला माझ्याकडं पाठवला. म्हणाली, "तिकडं शहरात कोण इचारत न्हाई. ऱ्हा आक्काजवळ."

माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी पुढची मी त्याला दिली. तो रोज पहाटे उठून घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून बसायचा. हलायचा नाही, पुटपुटायचा नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तिकडं एक म्हातारा भिक्षू हुता. आमची तुकडी त्याच्या मठाजवळ थांबली हुती. त्यानं शिकिवलं. नुसतं बसायचं, श्वास येतोय जातोय ते बघायचं."

"मग काय होतं?"

"काय म्हाईत. पर बरं वाटतंय असं वाटतंया."

मला तेवढं पुरेसं होतं. या बसण्यानं डोकं रिकामं होईल आणि अंगात ताकद येईल, मग सगळं रेटता येईल, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी मी पहाटे अंघोळ केली, पाट मांडला, उदबत्ती लावली आणि तसबिरीतल्या ऋषीसारखी मांडी घालून बसले. थोड्याच वेळात दोन्ही पाय बधिर झाले. भाऊ मागं वळून म्हणाला, "आक्का, ही पूजा न्हाई. पाय दुखत असतील तर भिंतीला टेकून बस."

मला ते पटलं नाही. टेकून बसलं तर ध्यान कसलं?

विचार आला की मी तो हाकलायची. तांदूळ भिजत घातलेत का? हाकल. मुख्याध्यापिकाबाई काल काय म्हणाल्या? हाकल. हाकलताना श्वास धरून ठेवायची, दात आवळायची. उठायची तेव्हा कपाळ ठणकत असायचं. रात्रीची झोप कमी झाली ती वेगळीच. एकदा तिसऱ्या इयत्तेला कविता म्हणायला लावून मी खुर्चीतच पेंगले. डोळे उघडले तर सगळ्या मुली गप्प बसून माझ्याकडं बघत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बाईंना बरं नाही, वाटतं." लाज वाटण्याइतकंही त्राण माझ्यात नव्हतं.

शेजारच्या काकूंना वेगळीच उत्सुकता. "उजेड दिसतो का हो? निळा दिसला तर चांगला म्हणतात." मग मी दोन-चार दिवस उजेडाची वाट पाहत बसले. दिसला तो खिडकीतून येणारा.

हे गावाकडं आईच्या कानावर गेलं. तेव्हा एस्टी नव्हती; ती कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या खाजगी मोटारीनं हादरे खात तडक आली आणि दारातूनच भावाला म्हणाली, "लढाईतनं जित्ता आलास ते गोसावी व्हायला? आन हिलाबी नादाला लावलंस?"

"आगं आये, न्हाई गोसावी हुत. बसतोय निसता."

"निसतं कोण बसतंय व्हय? कायतरी सोडून जायाचं असंल तवाच माणूस असं बसतंय."

तिची समजूत काढता काढता आम्हा दोघांचीही दमछाक झाली. कोवळा भोपळा आणि लोणी ठेवून ती रडतच परत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. संध्याकाळी आम्ही जेवत होतो. गल्लीतून एक वरात निघाली आणि आमच्या दारासमोरच कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. भावाच्या हातातलं ताट उडालं. तो क्षणात खाटेखाली पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर. मी खिडक्या लावल्या. बँड पुढं गेला तरी तो बाहेर येईना. मी खाली वाकून बघितलं तर लटलट कापत होता.

मला दया यायला हवी होती. आला तो राग. इतके दिवस साठलेला सगळा शीण त्या रागात होता. मी म्हणाले, "मग रोज बसून काय मिळवलंस रं? माझं डोकं तेवढं चढतंय, तुझं भ्या तसंच. बंद कर हे."

तो खाटेखालूनच म्हणाला, "मलाबी वाटलं हुतं, भ्या जाईल. म्हणून तर बसत हुतो. जात न्हाई आक्का." मग म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला मी एकदा खुणंनं सांगितलं, डोकं लय पळतंय. त्यो हसला. मला वाटलं चेष्टा करतोय, मी रागावून उठून आलो. आता वाटतंय, त्यो म्हणत असंल, माझंबी पळतंय."

मी सांडलेला भात गोळा करू लागले. तो बाहेर आला आणि मला मदत करू लागला. हात अजून कापत होते. "हे बघ," हात पुढं करून म्हणाला, "आदी हे कापत्यात ते मला कळतबी नव्हतं. आता कळतंय. एवढंच झालंय बघ."

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ न करता, पाट न मांडता, भिंतीला टेकून बसले. विचार आले, त्यांना हाकलायचंही त्राण नव्हतं. तांदूळ आले, मुख्याध्यापिकाबाई आल्या, आणि मग नवऱ्याचा तापलेला हात आला. मी रडायला लागले. तो गेल्यापासून अशी रडलेच नव्हते. हे काहीतरी चुकतंय असं वाटून मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. रड." आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

शांती वगैरे काही लाभली नाही. रडून झाल्यावर एवढंच कळलं की मी थकलेय. थोडीथोडकी नाही, पार गळून गेलेय. हे सगळं रेटायची ताकद मला मिळणार नव्हती, आणि रेटायलाच हवं असंही काही नव्हतं. त्या आठवड्यात मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "दुपारचा शिवणाचा वर्ग मला झेपत नाही."

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, मग आधी का नाही बोललात? तुम्हाला कामात बरं वाटतंय असं आम्ही समजत होतो."

मीही तसंच समजत होते.

भाऊ सुगीला गावी परतला आणि शेती बघू लागला. दिवाळीत फटाके सुरू झाले की तो मळ्यात मुक्कामाला जायचा आणि कुणी विचारलं तर सरळ सांगायचा, "मला भ्या वाटतंय." मी अधूनमधून बसत राहिले. कित्येकदा बसल्या बसल्या झोप लागायची. मग लागायची तर लागायची. दुपार आता मोकळी होती, मी तिथंच आडवी व्हायचे.