चिंचोक्यांचा डबा

आधीच सांगून टाकतो — मी सायन्सचा मास्तर. वडनेर भोलजीच्या शाळेत उभी हयात काढली. गावात कुणाच्या अंगात आलं की मी पोरांना मुद्दाम घेऊन जायचो आणि परत येताना समजावायचो, की हे सगळं ढोंग आहे. त्यामुळे गावात माझं फारसं कुणाशी पटलं नाही. तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण बायको गेली, मीही आता फार दिवसांचा नाही. लिहून मोकळा होतो.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमची एकुलती एक कुसुम तेव्हा नऊ वर्षांची. सारखी घटाघटा पाणी प्यायची आणि वाळत चालली होती. मलकापूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, मास्तर, डायबेटीस आहे, रोज इंजेक्शन द्यावं लागेल, जन्मभर. झालं! इन्शुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची, काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि पोरीच्या मांडीत सुई खुपसायची. ते काम माझं. तिच्या आईला बघवत नसे.

पण खरा छळ त्या टेस्टचा. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, पिवळं झालं म्हणजे साखर, विटकरी लाल म्हणजे पार वाट लागली. तीच भाकर, तीच भाजी, तेवढंच औषध — आज निळं, उद्या लाल! औषध जरा वाढवावं तर पोरगी घामाने थबथबून थरथरायला लागायची. डॉक्टरही म्हणायचे, लहान मुलांत असं होतं, मास्तर. मला ते पटेना. कारणाशिवाय काही घडत नाही, असं शिकवणारा माणूस मी! शेवटी माझ्या टाळक्यात एकच शिरलं — कार्टी चोरून गोड खाते.

भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा. बंद डबा खळखळ वाजवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून सांगायचं. कुसुम त्यात भारी पटाईत. ओळखायची ती, खायच्या बाकीच्या. म्हणून आईने तिला एक पितळी डबा वेगळा काढून दिला होता. त्यात चिंचोके भरून ती एकटीच वाजवत बसायची.

त्या दिवशी सकाळी नळी लालभडक. मी विचारलं, काय खाल्लं? काही नाही म्हणाली. पुन्हा विचारलं... आणि थोबाडीत दिली. सुयांनी मांड्या काळ्यानिळ्या झालेल्या पोरीला मी मारलं.

"म्या नाही खाल्लं, बाबा," एवढंच म्हणाली.

मी ऐकतोय कशाला! सगळं घर धुंडाळलं. साखर उतरून थरथर आली तर द्यायला म्हणून डॉक्टरांनी थोडा गूळ घरात ठेवायला सांगितला होता. ती बरणीसुद्धा उचलली आणि शेजारच्या गोदामावशीकडे नेऊन ठेवली. लागलाच तर शेजारून आणता येईल, म्हटलं. एवढ्यावर थांबलो नाही. तिच्या हातातला तो डबाही हिसकावून उघडून पाहिला. आत चिंचोके. बाकी काही नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी झाकण लावून परत दिला.

मग इंजेक्शन दिलं. आईने ताट वाढून ठेवलं आणि ती मलकापूरच्या गाडीने औषधाची बाटली आणायला गेली. मी शाळेत निघालो. जाताना कुसुमला सांगितलं, आतून कडी लाव आणि जेवून घे.

दुपारी दोनचा सुमार. सातवीचा वर्ग. फळ्यावर लिहीत होतो आणि मागून खळखळ... चिंचोके! मी ओरडलो. पोरांची दप्तरं झाडायला लावली. काही नाही. आवाज चालूच — ना मोठा होत होता, ना लहान.

"गुरुजी, आमाले तं काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं," पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला.

आवाज ओळखीचा होता. आमच्याच डब्याचा, पोचा आलेल्या झाकणाचा. रुसलेली कार्टी मला छळायला शाळेत आली, असं समजून मी बाहेर आलो. व्हरांडा रिकामा. तणतणत घराकडे निघालो. मारुतीच्या देवळापाशी आवाज एकदम थांबला. मी धावत सुटलो.

दाराला आतून कडी. हाका मारल्या, ओ नाही. लाथा घालून कडी तोडली. कुसुम चुलीजवळ भिंतीला टेकून पडलेली, हातात तो डबा घट्ट धरलेला. अंग घामाने ओलं, डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. ताट तसंच झाकलेलं. इंजेक्शन घेऊन पोरगी रुसून उपाशी राहिली होती.

आणि घरात साखरेचा दाणा नाही, गुळाचा खडा नाही! गोदामावशीकडे पळालो, तर दाराला कुलूप, बाई वावरात गेलेली. आजूबाजूची दारंही बंद. दुकान स्टँडवर, जाऊन येईपर्यंत काय राहणार होतं? परत येऊन पोरीला मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडलो. देवाचं नावसुद्धा घेतलं, खोटं कशाला सांगू.

तिला आडवं करायला म्हणून हातातला डबा सोडवला. तो वाजला नाही. जड लागला. उघडला... काठोकाठ गूळ! ताजा, मऊ, पिवळाधमक.

विचार करायला वेळ नव्हता. बोटाने कुसकरून तिच्या गालाच्या आत चोळत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. मग घशात हालचाल झाली. दातखीळ सुटली. डोळे उघडले, माझ्या गुळाने बरबटलेल्या हाताकडे पाहिलं, आणि भेदरून म्हणाली —

"बाबा, म्या नाही खाल्लं."

गूळ तिच्या तोंडात होता आणि ती हे म्हणत होती. त्या वाक्याने मी आजही दचकून उठतो.

नंतर सगळं तपासलं. मागच्या दारालाही आतून कडी होती. गोदामावशीच्या बरणीवरचं फडकं मी बांधलं होतं तसंच, माझ्याच गाठीचं. चिंचोके घरात कुठेच सापडले नाहीत. डबा तर सकाळी मीच उघडला होता.

कुसुम आता संग्रामपूरला मास्तरीण आहे. स्वतःच सुई टोचून घेते, साखर अजूनही कधी वर, कधी खाली. परवा आली तेव्हा मी तिचा हात धरून म्हटलं, "बाई, खरं सांग. गूळ तूच चोरून लपवला होतास ना? हो म्हण. एकदा हो म्हण."

"नाही, बाबा. तवाही नाहीच म्हणलं होतं."

ज्या चोरीसाठी मी तिला मारलं, ती तिने केली असती तर सगळ्याचा उलगडा झाला असता. माझ्याकडे दुसरं कुठलंच कारण नाही. म्हणून दरवेळी विचारतो. ती दरवेळी नाही म्हणते.