कापसाच्या खोलीतला आवाज

आर्वीजवळच्या एका गावात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्या काका-काकूंनी मला वाचनासाठी कापसाची खोली वापरू दिली, तीही फुकट. वेचलेला कापूस लगेच बाजारात न नेता भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवायचा, ही इकडची रीत. मी कोकणातला. अख्खी खोली आढ्यापर्यंत पांढरी झालेली बघून आधी बिचकलोच. पण आत जाऊन टाळी वाजवली, तर ती तिथल्या तिथे विझली. घुमणं नाही, काही नाही.

मी नववीत शाळा सोडलेला. मंडप-साऊंडवाल्याकडे वायरी गुंडाळता गुंडाळता माइक ओळखीचे झाले. आता पुण्याच्या मॅडमनी ऐकायच्या पुस्तकासाठी माझा आवाज घेतला होता. माझं शिक्षण कळलं तर त्या काम परत काढून घेतील, अशी धास्ती. मॅडमचं एकच म्हणणं, शेवटपर्यंत आवाज एकसारखा हवा. मध्येच बदलला तर सगळं पुस्तक दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल.

म्हणून जमिनीवर खडूने खुणा केल्या. माइक तोंडापासून वीतभर लांब, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'फ'चा वारा थेट अंगावर जात नाही. मध्ये काकूंच्या भरतकामाच्या रिंगेत ताणलेली ओढणी. माइकच्या जाळीवर कापसाचे तंतू बसायचे. ते फुंकायचे नाहीत, तोंडाची वाफ आत जाते. मऊ ब्रशने अलगद काढायचे. काम झालं की माइक काकूंनी शिवलेल्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात.

सगळं जपलं, पण कापूस कसा जपणार? काका फोनवर भाव विचारायला लागले की मी वाचन थांबवून कान द्यायचो. खोली रिकामी झाली की आवाज बदलणार. पण ज्यांनी जागा दिली, त्यांनाच 'माल विकू नका' कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा भराभर वाचत सुटलो.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. सकाळी आर्वीहून परतलो, तर अंगणात ट्रॅक्टर, मागे भरलेली ट्रॉली, आणि खोलीत खाली उरलेल्या खडूच्या रेघा. मी दारातच बसलो. काकूंनी काय झालं ते विचारून विचारून काढून घेतलं आणि थेट काकांपुढे जाऊन सांगितलं. काका माझ्याकडे वळले.

"सांगतलं काऊन नाई मले?"

मी नुसतं रिकाम्या खोलीकडे बोट केलं.

"आता का कापूस पुन्हा आत भरू?" काका म्हणाले. "तुया आवाजापायी बाजार थांबते का?"

काकू म्हणाल्या, "आत कायले? त्याले ट्रॉलीतच बसवा न."

ट्रॉली भरणारे हमाल हसले. काका नाही हसले. त्यांनी चावी फिरवून ट्रॅक्टर बंद केला आणि हमालांना चहाला पाठवलं. "चहा होईस्तोवर," एवढंच म्हणाले. मी कापसात कमरेइतका खड्डा करून बसलो. माइक तसाच वीतभर लांब, तसाच तिरका. वरून ताडपत्री ओढली. घामाने पानं हाताला चिकटत होती. चहा संपत आला असेल, बाजारात गाड्यांची रांग वाढत असेल, याच विचारात दोनदा ओळ चुकली, परत मागे गेलो. बाहेर मात्र कप-बशीचासुद्धा आवाज नव्हता. वाचून ताडपत्री सारली, तर हमाल कधीचे चहा पिऊन परतलेले, भिंतीला टेकून गप्प बसलेले. काका सीटवर. त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला.

काकांना बाजारात उशीर झाला. भाव काय मिळाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी त्या रिकाम्या खोलीतच होतो. शेवटचं प्रकरण जरा घाईत वाचलंय म्हणाल्या, पण आवाज तोच आहे, चालेल. दुसरं पुस्तक पाठवते, त्याच खोलीत करा. मी हो म्हणालो, आणि ते हो चारी भिंतींवर आपटत राहिलं.

फोन ठेवून काकांकडे गेलो. पुढच्या वेचणीचा कापूस घरात कधी येईल, आणि किती दिवस राहील, ते विचारायला.