आबांच्या बापाचं रिव्हॉल्व्हर मी घासलं

धुळ्यात माझं भांड्यांना पॉलिश करायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मोटर, दोन चाकं आणि मी. तिघांत अक्कल मोटरीला जास्त, गरम झाली की आपोआप बंद पडते. मी पडत नाही. शाळेत मी गेलेलो आहे, नाही असं नाही. रंगवायला बाकं उचलून दिली होती.

तरी भांड्यावर नाव टाकायचं मशीन मी चालवतो. कागदावर कोणी लिहून दिलं की ती चित्रं बघून जशीच्या तशी काढायची. आणि आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की जुनं भांडं आलं आणि त्यावर दुसऱ्याचं नाव असलं, तर आधी ते घासून काढायचं, मग नवीन टाकायचं. दुसऱ्याच्या नावाचा तांब्या कोणी घरात ठेवत नाही. कानबाईच्या सणाआधी तर दिवसभर मी लोकांचे बाप पुसतो आणि लोकांचे बाप लिहितो.

माझे सासरे चोपड्याकडचे. बठ्ठा, सगळाच गाव त्यांना आबा म्हणतो. त्यांचे वडील जुन्या काळात आमच्या धुळ्यालाच फौजदार होते. रिटायर झाले तेव्हा सरकारने जुनी हत्यारं विकायला काढली, त्यात त्यांनी आपलंच रिव्हॉल्व्हर घेतलं. विलायती, सहा गोळ्यांचं, मुठीला साखळीचं कडं. पुढे लायसन आबांच्या नावावर झालं. गोळी घरात एक नव्हती, पण दसऱ्याला ते पाटावर बसायचं, आणि आबा सातपुड्यातल्या दरोडेखोरांची गोष्ट सांगायचे. शेवटी घोडा यायचा. अनेर नदीत फौजदारसाहेबांच्या घोड्याचा पाय मोडला. साहेबांनी सहा वर्षांच्या आबांना शेजारी उभं केलं, म्हणाले डोळे मिटायचे नाहीत, आणि घोड्याच्या कानात गोळी घातली.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी पंगतीत बोललो, "म्हणजे एवढे दरोडेखोर होते आबा, आणि मेला फक्त घोडा?"

पंगत हसली. आबा ताटावरून उठले. त्यानंतर किती वर्षं ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. मी समोर बसलेलो असलो तरी बायकोला म्हणायचे, "जवाईले सांग, भाकर घे."

मग मागे इथे पोलिसांच्या मोठ्या हापिसात जुन्या हत्यारांची एक खोली करायचं ठरलं. आबांना निरोप आला. रिव्हॉल्व्हर घेऊन या, त्याचा नंबर आमच्या जुन्या रजिस्टरशी जुळला तर काचेच्या कपाटात ठेवू, खाली फौजदारसाहेबांचं नाव लावू. आबा ऐंशीच्या पुढचे. बायको सांगते, निरोप आला त्या दिवशी ते जेवलेच नाहीत, अंगणात फिरत राहिले. त्यांना आयुष्यात आता एवढंच बघायचं होतं. काचेमागे बापाचं नाव.

आदल्या दिवशी ते आमच्याकडे उतरले. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन दुपारी झोपले. रिव्हॉल्व्हर पिशवीत, पंच्यात गुंडाळलेलं. मी हळूच सोडून बघितलं. काळंकुट्ट. मला वाटलं, काजळी. आणि नळीच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरं, वर मुकुट. नंबरचं मला कोणी सांगितलं नव्हतं; मला वाटलं, कोणी इंग्रजाचं नाव आहे. उद्या याच्याखाली आमच्या आजेसासऱ्यांचं नाव लागणार, आणि हत्यारावर इंग्रज? धंद्याचा पहिला नियम.

बायकोला म्हटलं, आबांना तांब्या द्यायचा आहे, तुझ्या आजोबांच्या नावाचं 'स्मरणार्थ' लिहून दे. तिने कॅलेंडरच्या पाठीवर छान मोठ्या अक्षरात लिहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की लग्नापासून तसं कधी बघितलं नव्हतं.

तासाभरात मी त्याचा आरसा केला. इंग्रज खूप खोल होता, निघता निघेना, पण मी काढला. मग मशीन घेतलं. कैलासवासी, नाव, यांच्या स्मरणार्थ. तसंच पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं. आबांनी उघडावं, चकित व्हावं, आणि बायकोला नाही, मला म्हणावं, "जवाई, चांगलं करं." बस, एवढी हाव.

सकाळी त्यांनी पिशवी हातात तोलली आणि न उघडता निघाले. रिक्षात मी शेजारी नवरदेवासारखा बसलो.

हापिसात टेबलावर जुनं रजिस्टर उघडून ठेवलेलं. साहेब भले होते. म्हणाले, "आजोबा, नाव सापडलं बघा. हे तुमचे वडील." कपाट रिकामं होतं, आत नावाचं कार्ड आधीच छापून ठेवलेलं. आबांनी काचेला हात लावला.

"आता नंबर तेवढा जुळवू. कुठे आहे?"

"नळीच्या मागे, डाव्या अंगाला," आबा न बघताच म्हणाले.

साहेबांनी पंचा सोडला. खिडकीचं ऊन त्याच्यावर पडून त्यांच्या तोंडावर उडालं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "यांच्या स्मरणार्थ."

मागचा शिपाई म्हणाला, "आजोबा, आहेरात वाटायचं आहे का?" दोघेतिघे हसले. मीही हसलो. सवय.

साहेबांनी भिंग घेतलं, उलटंसुलटं केलं. मग त्यांचं हसू गेलं. "नंबर घासलाय. नंबर नसलेलं हत्यार म्हणजे गुन्हा होतो, आजोबा. कोणी केलं हे?"

मी बोलायचं होतं. मी बोललो सुद्धा. म्हणालो, "आधीपासून असंच होतं, सायेब. मी तर साधा भांडीवाला."

आबांनी माझ्या नखांकडे बघितलं. पॉलिशचं काळं तिथून कधी निघत नाही. बराच वेळ बघितलं. घोड्याच्या वेळी मिटले नव्हते, ते डोळे. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "मीच करून घेतलं."

पंचनामा झाला. पंच म्हणून बाहेरच्या चहावाल्याला धरून आणलं, दुसरा मिळेना, तर शिपाई म्हणाला, हा आहे की. मी भांडीवाला, एवढंच त्यांना माहीत. जावई आहे हे मी सांगितलं नाही, आबांनीही नाही. मी सासऱ्याच्या विरुद्ध अंगठा लावला. शाईचीसुद्धा गरज नव्हती. रिव्हॉल्व्हरला सुतळी बांधली, लाखेचं सील मारलं, चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर आबांचं नाव. कपाटातलं कार्ड कारकुनाने ड्रॉवरमध्ये टाकलं.

जामीन होऊन बाहेर आलो तेव्हा मी म्हटलं, "आबा, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुन्हासाठे?" आबा म्हणाले. इतक्या वर्षांनी थेट माझ्याशी. "तुले आत टाकं असतं ते मन्ही पोरनं काय व्हतं? कुत्र्यासाठे कोणी जामीन देत नही."

बायकोला सगळं कळलं. कॅलेंडरचं ते पान तिने चुलीत घातलं नाही, भिंतीला लावलं. रोज जेवताना माझ्या समोर असतं.

तारखा सुरू झाल्या. आबा पहाटेच्या एसटीने चोपड्याहून यायचे, स्टँडवर भाकर खायचे, आमच्या घरी येत नव्हते. गावात म्हणे पोरं त्यांना येताना बघून म्हणायची, "डाकू ऊना."

मग पंच म्हणून माझी साक्ष आली. बायको म्हणाली, आता तरी खरं सांग. मी ठरवून गेलो. सरकारी वकिलाने सील फोडलं, रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरलं. वरचा काळा थर मी काढला होता, म्हणून गंज चढलेला, माझी अक्षरं तेवढी दिसत होती.

"हे ओळखता?"

"हो साहेब. हे अक्षर माझं आहे."

"काय?"

"मीच घासलं, मीच लिहिलं. हे माझे सासरे. त्यांना काही माहीत नव्हतं."

वकिलाने न्यायाधीशांसमोर कागद उचलला. "साहेब, साक्षीदार आरोपीचा जावई निघाला, सासऱ्याला वाचवायला उलटतो आहे. पंचनाम्यावर याचा अंगठा आहे. अंगठेबहाद्दर म्हणतो, अक्षर माझं."

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, मागच्या बाकावरचे आपापल्या तारखेला आलेले लोक हसले. मी म्हणालो, मशीन आणतो साहेब, इथेच काढून दाखवतो, तर आणखी हसले. इतकं तर मी पंगतीतसुद्धा कोणाला हसवलं नव्हतं. वकिलाने मला फितूर लिहून घेतलं. पुढची तारीख पडली.

आबा काठी टेकत बाहेर आले. मी जिन्यावर हात द्यायला गेलो. त्यांनी तो घेतला नाही.

"लोकसले हसाडं चांगलं," म्हणाले, आणि स्टँडकडे चालायला लागले.