पाहुणा पुढे, चिखल मागे

सोलापूरहून निघताना माझी पत्नी सुमती हिने भाकरीचे फडके बांधता बांधता विचारले, "अक्का हो म्हणाल्या तर?"

"तर आनंदच आहे," मी म्हणालो.

"आणि तो ठेवणार कुठे?"

आमचे घर दोन खोल्यांचे. त्यातली एक निम्मी कणग्यांनी आणि ट्रंकांनी भरलेली. प्रश्न वाजवी होता. मी उत्तर न देता सायकलीची हवा पाहायला गेलो.

प्रवासाचे कारण आधी सांगायला हवे. अक्का ही माझी थोरली बहीण, लग्न होऊन हैदराबादेत गेलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या शिक्षण खात्यात लागले तेव्हा निजामाचे राज्य होते. ते गेले, संस्थान हिंदुस्थानात विलीन झाले, दाजी मात्र आपल्या टेबलापाशी होते तिथेच राहिले. आता दिवाळीच्या सुमारास ते निवृत्त व्हायचे होते, आणि योगायोगाने त्यांचे राज्यही. भाषावार वाटणी ठरली होती. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे आणि खुद्द हैदराबाद आंध्राकडे. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे जुने नकाशे गुंडाळून ठेवण्याची मला सवय आहे. पण या नकाशात माझी बहीण होती. सगळ्या नातलगांचे मत पडले की मूलबाळ नसलेल्या या दोघांनी म्हातारपणी आपल्या माणसांत, आपल्या भाषेत यावे. म्हणजे सोलापूरला. म्हणजे माझ्याकडे.

मी मनापासून बोलवायला निघालो होतो. ती आली नाही तर बरे, असेही मला मनापासूनच वाटत होते. हा दुसरा विचार मी सुमतीच्या नावावर टाकून ठेवला होता. त्यामुळे झोप बरी लागे.

सायकल बरोबर घेण्याचे कारण मी सर्वांना असे सांगितले की रिक्षाच्या भाड्याचा भार दाजींवर पडू नये. खरे तर ती मला दाजींना दाखवायची होती. देश स्वतंत्र झाल्यावर आमच्या गावच्या गिरणीतला एक इंग्रज इंजिनियर मायदेशी गेला, त्याची ही शर्यतीची सायकल. मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, बोटाएवढे टायर, आणि अंगावर जादा वस्तू एकही नाही. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही. खादी वापरणाऱ्या माणसाने ती घ्यावी का, यावर मी पुष्कळ विचार केला आणि विचार चालू असतानाच घेऊन टाकली. सोलापुरात पाऊस जेमतेम. मडगार्ड नसणे हा दोष आहे, हे कळायला मला हैदराबादपर्यंत जावे लागले.

वाडी जंक्शनला गाडी बदलताना सायकल मद्रासच्या डब्यात राहून गेली होती. हमालाने ती धावत जाऊन उतरवली आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "मालक, ही अर्धीच आहे की." पुढे दिवसभर मी ते वाक्य अज्ञान म्हणून सोडून दिले.

नामपल्ली स्टेशनाबाहेर पडलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. हैदराबादचे सिमेंटचे रस्ते आपल्याकडे ऐकून माहीत असतात. ते खरोखरच सुंदर आहेत, आणि सखल जागी त्यांच्यावर पाणीही सुंदर साचते. आबिद रोडवरून मी झपाट्याने निघालो. लोक वळून वळून पाहत होते. मला वाटले, सायकल पाहताहेत. चिक्कडपल्लीत अक्काच्या दारात उतरलो, वाकून नमस्कार केला, आणि पाठीवर तिचा हात पडायच्या ऐवजी तिचे हसू ऐकू आले. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ उमटली होती.

"दत्तू, कुणी आखून दिली रे?" अक्का म्हणाली. "तुझ्या सायकलीला पदरच नाही."

शेजारच्या सुब्बम्मा कठड्यावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, वाना वस्तोंदी" (पाऊस येतोय), आणि दोरीवरचे अक्काचे कपडे स्वतःच काढू लागल्या. तेलुगूतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला तेव्हा कळले. गल्लीतला दूधवाला, घरमालकीण, समोरचे वकील, सगळे तिला अक्का म्हणत होते. इतकी वर्षे मी तो शब्द एकट्याचा समजत होतो.

जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी आणि चिंच घातलेले आंबट वरण होते. तिथे त्याला खट्टी दाल म्हणतात. मी पहिल्या घासालाच विषय काढला. आपली माणसे, आपली भाषा, सिद्धेश्वराचे देऊळ, कोरडी हवा, असे सगळे सांगितले. शाळेत शिकवावे तसे सांगितले. दाजी शांतपणे ऐकून म्हणाले, "दत्तोपंत, आपली तजवीज उत्तम आहे. मी तुमच्या बहिणीच्या मागे. त्या म्हणतील तिथे." अक्का म्हणाली, "आधी भाजी घे. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींबरोबर कोठीच्या चौकापर्यंत जायचे ठरले. त्यांना पुढे कचेरीत जायचे होते. दाजींची सायकल म्हणजे लग्नाला निघालेला माणूस. दोन्ही चाकांवर रुंद मडगार्ड, साखळीला झाकण, डायनामो, मागे कॅरिअर. दाजी स्वतः शेरवानीत. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी हात पुढे केला. "चला, आपण पुढे."

"दाजी, रस्ता तुम्हाला माहीत आहे."

"रस्ता मी मागून सांगेन. तुम्ही मेहमान. मेहमानाच्या पुढे जायचं नसतं."

मी पुढे झालो. कोठीला उतरून वळलो, तेव्हा दाजींच्या शेरवानीवर गुंड्यांच्या दुप्पट ठिपके होते. एक चष्म्याच्या काचेवरही होता. त्यांनी वाटेत एका शब्दाने सांगितले नव्हते. मी माफी मागितली, पुन्हा मागितली, रुमाल काढला आणि ठिपके पसरवले. "परेशान होऊ नका," दाजी म्हणाले. "शेरवानी धुता येते. साहेबाला सांगेन, सोलापूरचे पाहुणे आलेत."

संध्याकाळी परतताना मी हट्टाने मागे थांबलो. दाजीही थांबले. मी म्हणालो, तुम्ही पुढे. ते म्हणाले, छे, आपण पुढे. रिक्षावाले दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. एक म्हणाला, "चाचा, हल्लू चलो, मगर चलो तो सई" (सावकाश चला, पण चला तरी). शेवटी मीच पुढे झालो, आणि शेरवानीवर सकाळी राहिलेली जागाही भरून निघाली. माझा अपराधीपणा आणि त्यांची अदब यांतून मार्ग एकच होता. मडगार्ड घेणे.

शर्यतीच्या सायकलीला नेहमीचा मडगार्ड बसत नाही, कारण टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये करंगळीही जात नाही. तिला क्लिपने लावायचा, पातळ, अरुंद मडगार्ड लागतो. सुलतान बाजारात कापडाच्या आणि पुस्तकांच्या दुकानांमधून वाट काढत दाजींनी मला एका सायकलच्या दुकानात नेले. मालक खाजामियाँ तख्तावर बसून चहा पीत होते.

"क्या होना, जनाब?" (काय हवे?)

मी सांगितले. त्यांनी सायकल उचलून पाहिली. "इसकू तो जगाच नै." मग माळ्यावरच्या पेटाऱ्यातून सेल्युलॉइडची एक पिवळट जोडी काढली आणि फुंकर मारली. "सिकंदराबाद के गोरे गए सो गए, मडगाटां छोड़को गए. ये क्लिप से बैठता. मुल्काँ खोल खोल को जोड़ रैं आजकल, तुम्हारा मडगाट जोड़ना कौनसी बड़ी बात." (हल्ली राज्येच्या राज्ये सुटी करून पुन्हा जोडताहेत, तुमच्या मडगार्डचे काय मोठे.)

त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने जोडले. मागचा मडगार्ड आकाशाकडे तोंड करून उभा राहिला. चहाच्या पोऱ्यापासून समोरच्या सराफापर्यंत सगळे मत द्यायला आले. "मोर दिसरा," सराफ म्हणाला. खाजामियाँ जराही ओशाळले नाहीत. "मोर तो बारिश मेंच नाचता ना," ते म्हणाले आणि चहाकडे वळले.

मग मी बाह्या सरसावल्या. आपल्याकडे कुणाला गरज पडली तर रीत सांगून ठेवतो. मागचा मडगार्ड सीटखालच्या नळीला क्लिपने धरायचा. क्लिपच्या खाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, नाहीतर रंग खरवडतो आणि धक्क्याने क्लिप घसरते. मडगार्ड टायरपासून अंगठाभर दूर ठेवायचा आणि त्याचे शेपूट चाकाच्या मागच्या बाजूला चांगले खालपर्यंत उतरवायचे. आखूड ठेवला तर आपली पाठ वाचते, मागच्याचा चेहरा नाही. पुढचा तुकडा ब्रेकखालून जात नाही, म्हणून तो फोर्कच्या मागून सुरू करायचा. क्लिपचा नट दोन कानांचा असतो, तो बोटांनीच पिळायचा. फार पिळला तर सेल्युलॉइड तडकते, कमी पिळला तर खळखळते. शेवटी चाक उचलून फिरवायचे आणि कान लावून ऐकायचे. आवाज आला नाही तर बसला.

आवाज आला नाही. दाजींनी मला इराणी हॉटेलात चहा पाजला आणि परतताना माझ्या मागून चालवत म्हणाले, "वा. आता तुमच्या मागे येता येतं."

मागे म्हणजे थेट सोलापूरपर्यंत, असा मला अर्थ लागला आणि प्यालेला चहा कडू झाला.

दोन दिवस पाऊस पडत होता आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ अक्काला आग्रह करत होतो. शेवटी उघडीप मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही हुसेनसागरच्या बांधावर फिरायला गेलो. अक्का सायकलरिक्षात, दाजी आणि मी सायकलींवर. बांध रुंद आणि देखणा आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उतारावरची झाडे, आणि वारा असा की अक्काला पदर दातांत धरावा लागला. मध्येच एका खड्ड्यात माझा मडगार्ड घसरला आणि टायरला घासू लागला. मी सायकल कठड्याला टेकवून खाली बसलो. दाजी कणसे आणायला गेले. अक्का कठड्यावर बसली.

 पाण्याकडे पाहत ती म्हणाली, "दत्तू, आल्यापासून म्हणतोयस. खरंच येऊ का रे आम्ही?"

नटाचे दोन्ही कान माझ्या बोटांत होते. सोडले असते तर मडगार्ड पुन्हा घसरला असता, हे खरे आहे. नट पुरता पिळून होईपर्यंत मी बोललो नाही, हेही खरे आहे. मग मान वर न करता म्हणालो, "ये की. त्यात विचारायचं काय?"

"नको," अक्का म्हणाली.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे पानावर बसलेला माणूस नको म्हणतो तेव्हा वाढणारा थांबत नाही. ते नको म्हणजे पुढच्या आग्रहाला दिलेली जागा असते. हैदराबादच्या बोलीने आपला हा शब्द घेतला, पण घेताना त्यातल्या क-ला जोर दिला. तिथे म्हणतात नक्को. नक्को म्हटले की विषय संपतो, भांडेसुद्धा झाकून ठेवतात. अक्का दोन्ही भाषा बोलते. तिच्या तोंडून त्यातले कोणते निघाले? वारा होता. माझे डोके चाकापाशी होते. तिचा चेहरा मी पाहिला नाही. मला नक्को ऐकू आले, कारण मला तेच हवे होते.

मी चाक उचलून फिरवले. "आता लागत नाही," मी म्हणालो.

"छान झालं," अक्का म्हणाली. दाजी कणसे घेऊन आले. तिने त्यांच्या हातातले मोठे कणीस मला दिले आणि रिक्षावाल्याला तेलुगूत काहीतरी बोलली. तो हसला.

दुसऱ्या दिवशी नामपल्लीला दोघेही पोचवायला आले. अक्काने अंबाडीच्या लोणच्याची बरणी दिली. दाजींनी सायकल सामानाच्या डब्यात चढवताना मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सांभाळून न्या. नाजूक चीज आहे." येण्याचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, आणि वाडीपर्यंत त्या सुटल्यासारखे वाटण्याची लाज वाटली. मला लाज वाटली की काही केल्यासारखे वाटते, हा माझा जुना सोयीचा स्वभाव आहे.

सोलापूरला घरात पाऊल टाकले तो ओल्या चुन्याचा वास आला. कणग्या ओसरीवर आल्या होत्या. ट्रंका माळ्यावर चढल्या होत्या. आतली खोली रिकामी होती. भिंती नुकत्या रंगवलेल्या, कोपऱ्यात दोन पाट आणि नवी खुंटी.

"हे काय?" मी विचारले.

"ठेवणार कुठे, असं मी विचारलं होतं ना," सुमती म्हणाली. "तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मग मीच शोधलं. काय म्हणाल्या अक्का?"

"नको म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मडगार्ड आता लागत नाही, असे मी म्हणालो होतो. ते मला तिला सांगवेना.

"किती वेळा म्हणाल्या?"

"एकदा."

तिने बरणी माझ्या हातातून घेतली आणि झाकण उघडून वास घेतला. "एका नकोवर उठून आलात," ती म्हणाली. "भातसुद्धा आपण तीनदा विचारतो."

हैदराबाद पाहण्यासारखे आहे. रस्ते उत्तम आहेत, माणसे अदबीची आहेत, तलाव मोठा आहे. क्लिपचे मडगार्ड कसे बसवावेत ते मी वर सविस्तर दिले आहे, आणि तेवढ्या एका विषयात वाचकांनी माझ्यावर विसंबून राहायला हरकत नाही. बाकी ज्या कामासाठी गेलो होतो त्याबद्दल मला अजून काही सांगता येत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पुन्हा वाडीच्या गाडीत बसलो. सायकल नेली नाही.