नकाशातली पडीक जमीन

पुण्याला नगररचना शिकत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दिवाळीच्या सुट्टीत आलो, तर आमच्या तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा नगरपालिकेच्या भिंतीवर लावलाय, असं एस.टी.तून उतरतानाच कळलं. पिशवी घेऊन तसाच तिकडे गेलो. वर्गात दुसऱ्या गावांचे नकाशे खूप पाहिले होते; आपल्या गावाचा कधी पाहिला नव्हता.

मारुतीच्या पारावर बोट ठेवून सरकत सरकत नाल्यापर्यंत आलो. नाल्याला लागून आमचा मळा. तिथे तपकिरी रंग होता. पडीक. त्यावर लिहिलेलं: नियोजित बसस्थानक.

मला वाटलं, माझंच वाचण्यात चुकतंय. पुन्हा पारापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच आलो. त्या मळ्यातल्या वांग्या-मिरच्यांवर आमचं घर चालायचं, माझं शिक्षणही.

घरी बाबांना सांगितलं तर ते हसलेच.

"हाव, वैशाखात आले होते ते साखळीवाले. म्याच पानी पाजलं त्याह्यले."

वैशाखात! त्या महिन्यात आमच्याकडे विहीर आटते. मग मळेवाले जमीन नांगरून उघडी टाकतात, उन्हात तापू देतात, म्हणजे कीड मरते. साखळीनं जमीन मोजणारेही पावसाआधीच काम उरकतात. त्यांना ढेकळं दिसली, त्यांनी पडीक लिहिलं. डोळ्यांनी पाहिलं तेच त्यांनी लिहिलं होतं, आणि हेच मला पचेना.

आराखड्यावर हरकत घेतली. हिवाळ्यात सुनावणी लागली, तिच्यासाठी मी पुन्हा आलो. वाटेत बाबांना पढवलं, "साह्यबानं इचारलं उन्हाळ्यात काय होतं, तं वांगे होते म्हना. बस, एवढंच."

बाबा पुढे चालत राहिले. त्यांना ते कबूल आहे असंच मी धरलं.

साहेबांनी नेमकं तेच विचारलं.

"काहीच नव्हतं, साह्यब," बाबा म्हणाले. "तापाले टाकली होती जमीन. आता चला ना पाहाले, हिरवीगार हाये."

"पाहणी होऊन गेली हो, बाबा. आता पुन्हा कुठली?" साहेबांनी कागद उलटला.

 हरकत फेटाळली गेली. बाहेर आल्या आल्या मी बाबांना गाठलं, "काऊन, बाबा? एक शब्द तं बोलाचा होता!"

"वैशाखात, आटेल विहिरीवर वांगे?" ते माझ्यावरच उखडले. "मांगच्या बाकावर सारे मळेवाले बसेल होते बे! जलमभर हासले असते मले."

बसस्थानक झालं. बाबा दुसऱ्याचा मळा वाट्यानं करू लागले. शिक्षण संपलं आणि मला आराखडा करणाऱ्या त्याच नगररचना खात्यात नोकरी लागली. आई म्हणाली, "ज्याह्यनं वावर नेलं, त्याह्यच्यातच जाऊन राह्यला?" मी नेमणुकीचा कागद घडी करून खिशात ठेवला. 

माझी पहिली मोजणी शेजारच्या तालुक्यात होती, वैशाखातच. गावाच्या कडेला एक नांगरलेलं वावर उन्हात उघडं पडलं होतं. हे पडीक नाही, हे मला ठाऊक होतं; पाहून बरंच वाटलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या म्हाताऱ्याला मी आपल्या बोलीत विचारलं, "तापाले टाकलं का जी?"

म्हाताऱ्यानं आधी आमची साखळी पाहिली, मग मला. आमच्या बसस्थानकाची गोष्ट इथवर पोचली होती. त्यानं हात जोडले.

"नाही, साह्यब. वांगे हायेत. हे पाहा ना, वांगे!"

चहूकडे एक पान नव्हतं.  हाताखालचा माणूस तोंड फिरवून हसू दाबत होता. म्हातारा हात खाली घेईना.

मी कागदावर लिहिलं: मळा.