मेहुण्याचं जरुरी सामान

माझ्या मेहुण्यानं मला फसवलं. डोक्यावर मडकी घेऊन आठवडी बाजार हिंडत हिंडत मी हुमनाबादेत भांड्यांचं दुकान उभं केलं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या कारकुनालाही घासाघीस करून घाम फोडला. आणि मला गंडवलं कुणी? माझ्या बायकोच्या धाकट्या भावानं, जो वांगी घेताना भाव पाडायचा सोडून वांगेवालीलाच विचारतो, "अक्का, तुला परवडायलंय न्हवं?"

हा मेहुणा इथल्या शाळेत मास्तर. राहायला आमच्याकडेच. आमच्या घरात माणसं तीनच; मूलबाळ नाही. पण त्याचं सामान बघून कुणालाही वाटावं की इथं पलटण उतरली आहे. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर याला दोन छत्र्या लागतात, कारण एक कुणीतरी मागून नेणारच. उशाला घरचीच वीट लागते, परगावची डोक्याला मानवत नाही म्हणे. घरच्या आडाचं पाणी बाटलीत लागतं; नव्या गावच्या पाण्यात त्याचे चार थेंब टाकले की पोट बिघडत नाही. एकदा दुबलगुंडीला एका रात्रीच्या लग्नाला गेला, तर सामानाची गाडी आधी पोचली आणि हा मागून चालत. तिथल्या बायकांनी ते सगळं वरपक्षाकडचं समजून पेटीला हळदकुंकू लावून आत नेलं. नवरीच्या आत्यानं पेटी उघडली, तर वर वीट. लग्न मोडता मोडता राहिलं.

अशा माणसाला हेडमास्तरांनी उन्हाळी शिबिरावर नेमलं. कमठाण्याच्या तळ्याजवळ आंबराईत महिनाभर शाळेची पोरं सांभाळायची. सरकारी उर्दू हुकुमात लिहिलं होतं, सोबत फक्त जरुरी सामान असावं. मेहुण्यानं घरातलं निम्मं सामान अंगणात आणून मांडलं. मी ओरडलो, "आरं, उखळ कामून न्यायलास?"

"दाजी, ज्याची जरुरी पडली आन् जवळ न्हाई, तेच जरुरी सामान."

मी पाट टाकून बसलो आणि सौदा सुरू केला. उखळ ठेव, घोंगडी ने. दुसरी छत्री ठेव, कंदील ने. तो प्रत्येक वेळी मान हलवून "बरं दाजी" म्हणे. इथंच मी सावध व्हायला हवं होतं. जे गिऱ्हाईक भराभर मागं सरतं, त्याचा डोळा दुसऱ्याच मालावर असतो, हे मी नोकरांना रोज शिकवतो. पण जिंकायची नशा चढली होती.

आमच्या बोलीत कानडी मुरलेली. तांदळाला आम्ही अक्की म्हणतो आणि थोरल्या बहिणीला अक्का. मेहुणा वळकटी आवळत होता, सुतळी दातात धरलेली. तसाच पुटपुटला, "येवढं समदं ठिवलं. आता अक्क... तरी नेऊ द्या."

"अक्की व्हय? ने की! कोपऱ्यात पडून हाय. किडे पडायच्या आत ने एकदाची!"

शेजारचे चौघे कट्ट्यावर बसून ऐकत होते. ते उगाच हसले, असं मला तेव्हा वाटलं.

पहाटे गाडी जुंपली. बघतो तर वळकटीवर आमची बायको, मांडीवर बोचकं.

"तू कुठं निघालीस?"

"तुमीच म्हनलाव की. कोपऱ्यात पडून हाय, किडे पडायलेत."

"अगं, ते मी तांदळाला म्हनलो!"

"दाजी," मेहुणा अदबीनं म्हणाला, "चार मान्सांम्होरं सौदा झालाय. तुमीच सांगता, एकदा बोलून फिरला तो बाजारातून उठला. पोरान्ला हातचं खायला घालाया कुनी नको व्हय?"

कट्ट्यावर तेच चौघे दात घासत बसले होते. गाडी गेली.

आठ-दहा दिवस करपलेलं खाऊन मी कमठाण्याला गेलो, दोघांनाही फाडून खायचं ठरवून. आंबराईत शिरलो तर चहूकडून एकच हाक. अक्का, काटा काढ. अक्का, ह्यानं माजी भाकर खाल्ली. अक्का, आज गोष्ट कोनती? आणि ती मधोमध बसून हसत होती, पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती तशी हसायची. मी ते विसरून गेलो होतो. मला बघून म्हणाली, "आलाव व्हय? बसा. पोरान्ला आंबे चिरून द्या." भांडण राहिलं बाजूला. मी संध्याकाळपर्यंत आंबे चिरले.

पुढच्या वर्षी मेहुण्याची बदली कडगंचीला झाली आणि शाळेचं शिबिर बंद पडलं. आता चैत्र सरला की बायको न सांगता शेंगदाण्याचे लाडू वळते. एवढे कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणते, "उगंच, हाताला सवय." मग गल्लीतल्या पोरांना वाटते. ती पोरं लाडू घेतात आणि आपापल्या आईकडे पळतात. ती दारात थोडा वेळ उभी राहते. मी दुकानातून बघतो आणि गिऱ्हाइकावर खेकसतो.

म्हणून म्हणतो, मास्तर, तू मला फसवलंस. नेलीस तेव्हा ती या घरात सुखानं नांदत होती. निदान मला तरी तसं वाटायचं. परत आणलीस ती अर्धीमुर्धी. बाकीची अजून त्या आंबराईत बसली आहे, आणि ती आणून देणं माझ्या घासाघिशीत बसत नाही. उन्हाळा लागलाय. ये, माझ्यासमोर बस, आणि याचा जाब दे.