बार्तुल कोण?

दिन्काबाईंनी लोव्रेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते भांडताना. शाळेतून निवृत्त होऊन त्या स्प्लिट शहरात, जुन्या रोमन राजवाड्याच्या आत वसलेल्या गल्लीत राहायला आल्या, तो दुसराच दिवस. बादशहाच्या भिंतीत कुणीतरी कधीकाळी फोडलेल्या खिडकीतून एक म्हातारा कमरेपर्यंत बाहेर आला होता आणि समोरच्या खिडकीवर ओरडत होता.

"गाढवा, मी टेबलावर मूठ आपटली की सगळ्यात भारी पान टाकायचं! चाळीस वर्षं पत्ते खेळतोयस, अजून कळत नाही?"

"मला वाटलं, माशी मारलीस," समोरून शांत उत्तर आलं.

खाली कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्या पर्यटकांना वाटलं, आता खून पडणार. दोघं मात्र खाली उतरले आणि बरोबरच कॉफी प्यायला गेले.

लोव्रे पाथरवट. राजवाड्याचे निखळलेले चिरे बसवण्यात त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही. समोरच्याला सगळी गल्ली साखऱ्या म्हणे, कारण कॉफीबरोबर मिळणारी साखरेची पुडी तो न चुकता खिशात टाकायचा. गल्लीतली घरं एकेक करून पर्यटकांना भाड्याने गेली. हिवाळ्यात दिवा लागणारी घरं बाईंचं धरून तीन उरली.

मग साखऱ्या जिन्यावरून पडला. त्याची मुलगी सिल्वाना ऑस्ट्रियाहून आली आणि त्याला शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवून गेली. दर रविवारी लोव्रे तीनच्या बसने जाई आणि अंगणातल्या बाकावर त्याच्याशी भांडून येई. मार्चमध्ये लोव्रेलाच खोकल्याने धरलं. दोन रविवार चुकले.

राजवाड्याच्या लोखंडी दरवाजाजवळच्या फळ्यावर गेलेल्या माणसांचे कागद लागतात. नाव, वय, पुरायची वेळ. खाली टोपणनाव घालायचंच, कारण खरं नाव इथे पाद्र्याला आणि टपालवाल्यालाच ठाऊक असतं. मंगळवारी लोव्रे आणि बाई फळ्यापुढे उभे होते.

"बार्तुल पेरिच, एक्याऐंशी. बुधवारी दोन वाजता," लोव्रेने वाचलं. "हा कोण, बाई?"

"कुणास ठाऊक. गर्दीत दगड फेकला तर पेरिचलाच लागतो."

"टोपणनावसुद्धा नाही बिचाऱ्याला! जन्मभर कुणी हाकच मारली नाही वाटतं." लोव्रे हसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

बुधवारी दुपारी बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाच्या डोक्यात नावं कधी उगवतील, सांगता येत नाही. जुन्या हजेरीपटातली सिल्वाना पेरिच, तिसरा बाक. पुढच्या रकान्यात वडिलांचं नाव: बार्तुल. शेंगा तशाच टाकून त्या लोव्रेच्या दारात गेल्या.

"लोव्रे, उठा! तो बार्तुल म्हणजे आपला साखऱ्या."

लोव्रेने टोपी उचलली. कोट उलटा घातला, बाईंनी तो बसमध्ये सरळ करून दिला. बस बंदरापाशी पर्यटकांच्या गर्दीत अडकली. लोव्रे दांडा धरून उभाच राहिला. दफनभूमीत पोचले तेव्हा वरची माती दाबून झाली होती. सिल्वाना होती, पाद्री होता, दोन खोदणारे फावडी पुसत होते. बाकी कुणी नाही.

"कुणीच आलं नाही, काका," सिल्वाना म्हणाली. "बाबा तर म्हणायचे, अख्खी गल्ली येईल."

"पोरी, तू बार्तुल लिहिलंस. बार्तुलला कोण ओळखतं इथे?"

"त्यांचं नाव होतं ते."

"असेल." लोव्रेने टोपी काढली. "मी काल ते वाचून हसलो." हे त्याने तिला सांगितलं नाही, मातीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः कागद छापून आणला आणि पहिल्याच्या शेजारी चिकटवला: 'बार्तुल पेरिच, आपला साखऱ्या.' दिवसभर तो फळ्यापाशी उभा होता. "अरे, साखऱ्या गेला?" म्हणत मासळीबाजारातले लोक थांबत, त्याचा हात दाबत. "पुरायचं कधी आहे?" असं प्रत्येकजण विचारी, आणि लोव्रेला प्रत्येकाला सांगावं लागे, की काल झालं.

लोव्रे आता चौऱ्याऐंशीचा आहे. रविवारी दिन्काबाईंकडे जेवतो, कुणाशी भांडत नाही, आणि तीनची बस सुटायच्या आत घरी जातो.